सकल संतांची पूर्वसंध्या आणि घरचा खाऊ

३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी पाश्चात्त्य देशांत ‘हॅलोवीन’ या नावाने जो उत्सव होतो, त्या नावाचा मूळ अर्थ ‘सर्व पवित्र जनांची पूर्वसंध्या’ एवढाच आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत सकल संतांचा सण होय आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस. या दोन दिवसांच्या उंबरठ्यावरची ही संध्याकाळ आहे. भोपळ्याचे मुखवटे, सांगाडे आणि कोळ्याची जाळी यांच्या गर्दीत हा अर्थ बराचसा झाकोळून गेला आहे, हे मान्य करावयास हवे. आता शहरांतील इंग्रजी शाळा, दुकाने आणि दूरचित्रवाणी यांच्या द्वारे ही प्रथा आपल्या मुलांपर्यंत पोहोचली आहे, आणि ‘आपण पण करू या ना’ असा हट्ट भंडारा, तुमसर व साकोलीच्या घरांतही ऐकू येऊ लागला आहे.

असा हट्ट सरसकट मोडून काढण्यापेक्षा त्याला चांगले वळण लावणे अधिक सोपे असते, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबरअखेरीस सहज मिळणाऱ्या जिनसांपासून कुटुंबाच्या मेळाव्यासाठी काही सोपे व गमतीदार पदार्थ कसे करावेत, याची माहिती दिली आहे. परंतु त्याआधी या संध्याकाळी मुळात खाऊ का वाटला जात असे हे जाणून घेणे इष्ट ठरेल, कारण कोणता पदार्थ करावा आणि त्याला काय नाव द्यावे, हे त्यावरूनच ठरते.

एका नावासाठी एक पोळी

सर्व हुतात्म्यांचे एकत्र स्मरण करण्याची प्रथा फार जुनी आहे. इ.स. ६०९ किंवा ६१० साली पोप बोनिफास चौथे यांनी रोममधील पॅन्थिऑन हे प्राचीन मंदिर पवित्र मरिया व सर्व हुतात्मे यांना समर्पित केले. तो दिवस १३ मे हा होता. पुढे आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनागृह अर्पण केले आणि नवव्या शतकात, पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळी, १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपात सर्वत्र रूढ झाली. मृत भाविकांचा दिवस त्यानंतरचा. फ्रान्समधील क्लुनी येथील मठाधिपती संत ओडिलो यांनी इ.स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांतून २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याचा नियम घालून दिला आणि हळूहळू तो अवघ्या ख्रिस्तसभेने स्वीकारला. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. घरोघरी मृतांची नावे वाढत चालली होती, तो हा काळ होता.

इंग्लंडमध्ये या दिवसांत ‘आत्म्यांच्या पोळ्या’ भाजल्या जात. त्या लहान, गोल व मसालेदार असत. गावातील गरीब माणसे आणि मुले दारोदार फिरत. ज्या घरी पोळी मिळे, त्या घरच्या मृतांसाठी ती प्रार्थना करीत. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या लेखकाने अशा पोळ्यांच्या राशी मेजावर रचून ठेवण्याच्या प्रथेची नोंद केली आहे. चेशायर, श्रॉपशायर अशा परगण्यांत ही फेरी अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होती. आज अमेरिकेत मुले वेश पालटून शेजाऱ्यांकडे गोळ्या-चॉकलेटे मागत फिरतात, त्या खेळाचे एक मूळ अभ्यासक या फेरीत पाहतात. मधल्या काळात पोळी राहिली, प्रार्थना तेवढी गळून पडली.

दुसरी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पूर्वी सकल संतांची पूर्वसंध्या हा उपवासाचा व मांसवर्ज्य दिवस असे. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी केलेल्या सुधारणेत ही पूर्वसंध्या दिनदर्शिकेतून वगळण्यात आली. तरीही आयर्लंडमध्ये या रात्रीचे जेवण म्हणजे कुस्करलेले बटाटे व कोबी, आणि सुक्या मेव्याचा गोड पाव असेच राहिले. त्या पावात अंगठी लपविलेली असते आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचे लग्न लवकर होणार, अशी थट्टा चालते. स्पेनमध्ये बदामाच्या लगद्याची ‘संतांची हाडे’ करतात, इटलीत ‘मृतांची हाडे’ नावाची कडक बिस्किटे मिळतात, तर मेक्सिकोत ‘मृतांचा पाव’ भाजून त्यावर हाडांच्या आकाराच्या कणकेच्या वळ्या ठेवतात. या सर्व पदार्थांत विनोद आहे, पण तो मृत माणसावर केलेला नसून मृत्यूच्या भीतीवर केलेला आहे. आपल्या घरच्या खाऊसाठीही हीच मर्यादा पुरेशी आहे, असे म्हणता येईल.

काय टाळावे

परदेशी चित्रांत हमखास दिसणारी एक आकृती म्हणजे टोकदार टोपीची चेटकीण. ती बिस्किटांवर असते, केकवर असते, मुलींच्या पोशाखातही असते. आपल्या घरी ती आणू नये, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. लंडनमध्ये चेटकीण हा खेळ झाला असेल; पूर्व विदर्भात तो अद्याप झालेला नाही. करणी केली, जादूटोणा केला, अशा नुसत्या संशयावरून म्हाताऱ्या विधवेला किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाला वाळीत टाकल्याचे, मारहाण केल्याचे प्रकार आपल्या भागात घडत आले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी अशाच संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो याच दुखण्यावर. ज्या शब्दाने गावातल्या एखाद्या आजीचे जगणे कठीण होऊ शकते, तो शब्द मुलांच्या तोंडी गमतीने बसवू नये.

लाल सरबताला ‘रक्त’ म्हणण्याची टूमही अशीच सोडून द्यावी. मिस्सेत ज्या शब्दाला आपण एक विशेष अर्थ देतो, तो घरी पेल्यावर चिकटविण्याने मुलांचा गोंधळ होतो. बाकी वटवाघूळ, घुबड, कोळी, हाडे, भोपळ्याचे चेहरे यांना हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. ही सगळी देवाचीच निर्मिती आहे, आणि हाडे तर प्रत्येकाजवळ आहेत.

हंगामात काय मिळते

ऑक्टोबरअखेरीस आपला जिल्हा खाण्याच्या दृष्टीने संपन्न असतो. हलके धान कापणीस आलेले असते आणि भारी धान ओंब्यांनी वाकलेले असते. जुन्या मालगुजारी तलावांतून ढिवर बांधव शिंगाडे काढू लागतात व भंडाऱ्याच्या बाजारात हिरव्या-लालसर शिंगाड्यांचे ढीग लागतात. कोहळे, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, घराच्या छपरावर किंवा परसात पिकलेले असते. नवा गूळ यावयास अजून अवकाश असतो, परंतु गेल्या हंगामाचा गूळ घरोघरी असतोच. मुरमुरे, पोहे, फुटाणे, तीळ यांची तर कधीच वाण पडत नाही. शिवाय दिवाळी जवळ असते. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले होते. अशा वर्षी शेजारून आलेला फराळ आणि आपला खाऊ एकाच ताटात नांदतो, व त्यात काही गैर नाही.

पुढील प्रमाणे साधारणतः १५ माणसांच्या मेळाव्यासाठी आहेत. सर्व पदार्थ शाकाहारी व बिनअंड्याचे आहेत. त्यामुळे शुक्रवार आला तरी अडचण नाही आणि शेजारच्या मुलांनाही निःसंकोचपणे देता येतात.

कोहळ्याच्या चेहऱ्यांचे घारगे

भोपळा कोरून त्यात दिवा ठेवण्याची प्रथा आयर्लंड व स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेली. मूळ देशी मात्र सलगम कोरले जात असे. भोपळा अमेरिकेतला, म्हणून तेथे त्याने सलगमाची जागा घेतली. आपल्याकडील कोहळ्याचे मूळही अमेरिका खंडातच आहे, तेव्हा दोघे दूरचे नातलग ठरतात! अख्खे कोहळे केवळ शोभेसाठी कोरून फेकून देणे मात्र आपल्या घरांत शोभणार नाही. त्याचा वरचा भाग टोपीसारखा कापून आतील गर काढून घ्यावा. गराचे घारगे होतात, बिया धुऊन, वाळवून, किंचित मीठ लावून भाजता येतात आणि उरलेल्या पोकळ कवचाला डोळे-तोंड कापून त्यात मातीची पणती ठेवता येते. आपल्याकडे अनेक घरांत अख्खे कोहळे प्रथम पुरुषाच्या हातून चिरण्याचा रिवाज आहे. त्यामागील समजूत बाजूस ठेवली, तरी घरातील एका माणसाला त्या दिवशी काम मिळते, हा त्याचा लाभच म्हणावा लागेल.

घारग्यांसाठी साल काढून किसलेले कोहळे २ वाट्या व चिरलेला गूळ १ वाटी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. पाणी अजिबात घालू नये. कोहळ्याला स्वतःचे पाणी सुटते. कीस मऊ होऊन गूळ पूर्ण विरघळला की खाली उतरवून निवू द्यावे. त्यात चिमूटभर मीठ, वेलचीची पूड, २ चमचे तांदळाचे पीठ व २ चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून मावेल तेवढी कणीक मिसळावी. साधारणपणे अडीच वाट्या लागते. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट असावे. ते फार वेळ भिजवून ठेवू नये, कारण गुळामुळे पीठ सैल पडत जाते आणि मग लाटताना वरून कणीक घालावी लागून घारगे कोरडे होतात.

पीठ जाडसर लाटून वाटीने गोल कापावेत. येथून पुढचे काम मुलांचे. स्वच्छ धुतलेल्या बाटलीच्या लहान झाकणाने दोन डोळे पाडावेत, चमच्याच्या कडेने हसणारे तोंड कापावे आणि वर देठ म्हणून पिठाची लहानशी वळी चिकटवावी. नेहमीचा घारगा तेलात टम्म फुगतो तो आत कोंडलेल्या वाफेमुळे. येथे डोळ्यांच्या भोकांतून वाफ निघून जाते, म्हणून हे घारगे फुगणार नाहीत. ते बिघडले असे समजू नये. मात्र फुगत नसल्याने आतून कच्चे राहण्याचा संभव असतो, यास्तव मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी नीट तळावेत. काढलेले डोळे वाया जात नाहीत. ते शेवटी एकत्र तळले की लहानग्यांच्या वाटीची सोय होते. तळणीजवळ मुलांना येऊ देऊ नये, हे सांगावयास नकोच.

ज्या घरी लाटण्या-कापण्याचा व्याप नको असेल, तेथे याच पिठात थोडे दूध घालून ते सैल करावे व आपल्याकडची नेहमीची कोहळ्याची बोंडे सोडावीत. चेहरा नसला म्हणून चव कमी होत नाही.

शिंगाड्याची वटवाघळे

हा पदार्थ करण्यासारखे फारसे काही नाही, कारण निसर्गाने तो आधीच करून ठेवला आहे. शिंगाड्याला दोन बाजूंना दोन टोकदार शिंगे असतात. नावही त्यावरूनच पडले आहे. सालीसकट उकडला की तो काळपट होतो आणि ताटात पालथा ठेवला तर थेट पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो. परदेशी दुकानांतील प्लास्टिकच्या वटवाघळांपेक्षा हे वटवाघूळ अधिक हुबेहूब असते, असे आमचे मत आहे.

दीड किलो ताजे शिंगाडे दोन-तीन पाण्यांतून चिखल जाईपर्यंत चोळून धुवावेत. मोठ्या पातेल्यात बुडतील इतके पाणी व २ चमचे मीठ घालून २० मिनिटे उकळावेत. निथळून कोरडे केल्यावर शिंगांची अणकुचीदार टोके कात्रीने छाटावीत, म्हणजे लहान बोटांना टोचत नाहीत. तांदळाच्या पिठाची दाट पेज करून काडीने दोन पांढरे डोळे काढावेत. पेज वाळली की वटवाघळे तयार झाली. साल खावयाची नसते. खाताना मधून चिरून आतील पांढरा गर काढावा, तो तिखट-मिठासह किंवा गुळासह द्यावा.

येथे एक सूचना कटाक्षाने पाळावी. शिंगाडा तलावातील साचलेल्या पाण्यात वाढतो व त्याच्या सालीवर आतड्यात वाढणाऱ्या कृमींचे सूक्ष्म कोश असू शकतात. कच्च्या शिंगाड्याची साल दातांनी सोलण्याची मुलांना आवड असते, ती सवय मोडावी. नीट उकळल्याने हा धोका राहत नाही.

संतांची हाडे

स्पेनच्या गोड हाडांचे हे आपले तांदळाचे, तिखटमिठाचे रूप. भंडाऱ्याच्या सुवासिक चिन्नोर तांदळाची पिठी असल्यास फारच उत्तम, परंतु कोणतीही बारीक पिठी चालते. ३ वाट्या पाण्यात मीठ, १ चमचा जिरे व २ चमचे तेल घालून पाण्याला उकळी आणावी. त्यात ३ वाट्या पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्यावी व विस्तव बंद करावा. उकड कोमट असतानाच पाण्याच्या हाताने चांगली मळून घ्यावी. बोटाएवढी वळी करून दोन्ही टोके किंचित फुगीर ठेवावीत आणि प्रत्येक टोकाला बोटाने मध्ये दाबून खाच पाडावी, म्हणजे हाडाचा आकार येतो. मुले हे काम मातीच्या खेळण्यांइतक्याच आनंदाने करतात.

ही हाडे चाळणीत १० ते १२ मिनिटे वाफवावीत. तळू नयेत, उकडीच्या वळीत पाणी असते, ते तेलात अचानक वाफ होऊन वळी फुटते व तेल अंगावर उडते. वाफवून निवल्यावर तेल, मोहरी, तीळ व हिरव्या मिरचीची फोडणी देऊन वरून सांभार पेरावा. पांढरी हाडे हवी असल्यास हळद वगळावी. सोबत टोमॅटोची किंवा जवसाची चटणी द्यावी. आमच्या अनुभवात मेळाव्यातील मोठी माणसे गोड पदार्थ सोडून प्रथम या हाडांवरच तुटून पडतात.

घुबडाचे लाडू आणि कोळ्याचे जाळे

घुबडाला आपल्याकडे अशुभ मानण्याची रीत आहे. वस्तुतः धानाच्या शेतातील उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे राखणदार बनते. लाडू वळता वळता मुलांना एवढे सांगितले तरी एक भीती कमी होईल. ५ वाट्या मुरमुरे कढईत कोरडे भाजून कुरकुरीत करून घ्यावेत. १ वाटी गूळ व १ चमचा तूप यांचा पाक करावा. पाण्याच्या वाटीत टाकलेला थेंब कडक गोळी होऊन वाटीच्या तळाशी खणकन वाजला की पाक झाला. मुरमुरे घालून झटपट ढवळावे व तुपाच्या हाताने लाडू वळावेत. पाक अत्यंत गरम असतो, म्हणून वळण्याचे काम मोठ्यांनीच करावे. मुलांनी डोळे लावावेत. सुक्या खोबऱ्याच्या दोन गोल चकत्या, त्यांवर एकेक मनुका आणि मध्ये चोच म्हणून शेंगदाण्याची पाकळी, हे सर्व पाकाच्या ठिपक्याने चिकटते. चार वर्षांखालील मुलांच्या लाडवाला शेंगदाणा लावू नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. मुरमुऱ्याचा लाडूही त्यांना कुस्करूनच द्यावा.

जाळ्यासाठी वेगळे काही करावयाचे नाही. दिवाळीची चकली ताटलीत मधोमध ठेवावी, तिच्यावर काळ्या मनुकेचा कोळी बसवावा आणि त्याला शेवेच्या तुकड्यांचे पाय लावावेत. पाय आठ असावेत. सहा लावले तर तो कीटक होतो, आणि शाळेत जाणारे एखादे मूल ती चूक काढल्याशिवाय राहत नाही.

पिण्यासाठी बीट किसून पाण्यात उकळावे, गाळून निववावे व त्यात लिंबू, साखर आणि चवीपुरते मीठ घालावे. रंग सुरेख येतो. आपल्या जिल्ह्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत आणि अशा प्रसंगी ती बाहेर निघतात, ते योग्यही आहे. मात्र हे लिंबाचे सरबत कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, आंबटाने ते कळकते व पिणाऱ्यास बाधते. काचेचे किंवा स्टीलचे भांडे बरे.

ताटाखालची चिठ्ठी

आता इंग्लंडच्या त्या पोळीकडे परत येऊ. तिच्यातून गळून पडलेली प्रार्थना आपल्या खाऊत पुन्हा घालणे कठीण नाही. मेळाव्यापूर्वी घरातील आजी-आजोबांना विचारून कुटुंबातील मृतांची नावे लिहून काढावीत. पणजोबांपासून ते जन्मताच गेलेल्या बाळापर्यंत कोणालाही वगळू नये. प्रत्येक नाव एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी एकेका बशीखाली ठेवावी. जे मूल जी बशी उचलेल, त्याला ते नाव मिळाले. खाण्यापूर्वी त्याने ते नाव मोठ्याने वाचावे, आणि ज्यांनी त्या माणसाला पाहिले आहे त्यांनी त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगावी. ती मोठी असण्याची गरज नाही. ते धान मोजताना आकडे गात असत, त्या चहात गूळच घालीत, त्यांना साप दिसला की हाक कोणाला मारायची हे ठरलेले असे, इतके पुरे. चिठ्ठी मुलाने खिशात ठेवावी व २ नोव्हेंबरच्या मिस्सेस घेऊन यावे.

आपल्या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. कित्येकांचे पूर्वज दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या राज्यांतही दफन झाले असून त्यांच्या थडग्यांपर्यंत दरवर्षी जाणे होत नाही. वसईत किंवा गोव्यात या दिवशी अवघे गाव दफनभूमीत लोटते, कबरी धुऊन फुलांनी सजविल्या जातात. तसे दृश्य येथे सर्वत्र दिसणार नाही. ज्यांना थडगे जवळ नाही, त्यांना ही चिठ्ठी अधिक उपयोगाची आहे. आपले शेजारी पितृपक्षात पूर्वजांची नावे घेऊन अन्नदान करतात, त्याच सुमाराची ही आठवण असल्याने गावातही तिचे कोणाला नवल वाटत नाही. फरक इतकाच की आपण मृतांसाठी ताट वाढून ठेवीत नाही. जिवंतांना वाढतो आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. मुलांनी याबाबत विचारल्यास तेवढे स्पष्ट सांगावे.

ज्या घरी याच वर्षी मृत्यू झाला आहे, तेथे काय करावे, असा प्रश्न येतो. काही कुटुंबे त्या वर्षी सर्व कार्यक्रम रद्द करतात. मोठ्यांना ते योग्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याचे आजोबा श्रावणात गेले, त्या आठ वर्षांच्या मुलाला वर्षभर घरात त्यांचे नावही ऐकू येत नाही, असे पुष्कळदा होते. त्यांचा विषय निघाला की आजी रडते, म्हणून सगळे गप्प राहतात, आणि मुलाची अशी समजूत होते की आजोबांबद्दल बोलणे हीच काहीतरी वाईट गोष्ट आहे. अशा घरी मुखवटे व दिव्यांची आरास नसली तरी चालेल. आजोबांना जो पदार्थ आवडत असे, तेवढा एकच करावा, आणि त्यांची चिठ्ठी बशीखाली न लपविता आजीच्या हाती द्यावी. ती वाचू शकली तर वाचील. नाही वाचली, तर नातवाने वाचावी. रडू आले तर येऊ द्यावे. खाऊ निवला तरी बिघडत नाही. मेळावा दुसऱ्या कोणाच्या घरी असेल, तर या कुटुंबास आधी भेटून विचारावे आणि त्यांच्यासमोर सांगाड्यांची सजावट करू नये. ताज्या दुःखाला हाडांचा विनोद सोसत नाही.

वेळेचे गणित

ऑक्टोबरअखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घारग्यांचे पीठ व पाक सोडून बाकी सर्व तयारी दुपारी करता येते. शिंगाडे तर आदल्या दिवशी उकडले तरी चालतात, मात्र सालीसकट थंड जागी ठेवावेत. चारच्या सुमारास मुलांना कामाला बसवावे, अंधारताच कोहळ्यातील पणती लावावी. तिच्याजवळ कागदी सजावट व ओढण्या नसाव्यात आणि ती जमिनीवर ठेवावी. प्रार्थना व चिठ्ठ्या साडेसहापर्यंत आटोपल्या, म्हणजे लांबच्या गावची मंडळी वेळेत परततात आणि सकल संतांच्या सकाळच्या मिस्सेस कोणी पेंगत येत नाही.

हाडे त्याच रात्री संपवावीत, ती दुसऱ्या दिवशी कडक होतात. लाडू हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात. घारगे तीन-चार दिवस टिकतात, म्हणून ते थोडे अधिकच करावेत. २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाताना मेणबत्त्या, गवत काढण्यासाठी खुरपे आणि पाण्याची बाटली यांच्यासोबत पिशवीत घारग्यांचा एक डबा असावा. काम करून मुलांना भूक लागते, आणि शेजारच्या थडग्यापाशी एकटेच आलेले कोणी असेल, तर त्यालाही दोन देता येतात.